तलावाकाठच्या डॉकचे कुजलेले खांब स्वतः कसे बदलायचे: एका वेळी एकच

डॉकवरून, म्हणजे पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी धक्क्यावरून, चालताना एका ठिकाणी पाय जरा दबल्यासारखा वाटतो, टोकाला दोन माणसं उभी राहिली की सगळं हलकंसं डोलतं, आणि आपण काय करतो तर वरच्या फळ्यांचे स्क्रू आवळतो. मी पण दोन सीझन तेच करत होतो. मग एकदा पाणी उतरलेलं असताना खाली उतरून मधल्या खांबाला साधा स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितला तर तो मुठीपर्यंत आत गेला, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा. बाहेरून खांब ठणठणीत दिसत होता, रंगसुद्धा नीट होता. त्यानंतर मी एकेक करत अकरा खांब बदलले, आणि त्यातल्या पहिल्या तीन खांबांवर जेवढा घाम गाळला तेवढा पुढच्या आठांवर मिळून गेला नाही. कारण कामाचा क्रम तेव्हा कळलेला नव्हता. तो क्रम आणि त्यामागची कारणं सगळी इथे लिहितोय.

खांब नेमका कुठे कुजतो

हे आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल पण लागते आणि हवा पण लागते. खांबाचा जो भाग कायम पाण्याखाली असतो तिथे ऑक्सिजन फार कमी, म्हणून तो भाग वर्षानुवर्षं टिकतो. वरचा भाग वाऱ्या-उन्हात सुकतो, आणि लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असली तर बुरशी वाढत नाही. मधला पट्टा मात्र, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या थोडा खाली ते लाटांचे शिंतोडे पोचतात तिथपर्यंत, कधी ओला कधी सुका असतो आणि हवा भरपूर. खांब तिथेच मरतो. दुसरी जागा म्हणजे खांबाचं वरचं टोक, कारण कापलेल्या टोकातून पाणी आत शोषलं जातं, आणि तिसरी जागा बोल्टची भोकं.

तपासायला एक हातोडी आणि एक टोच्या पुरतो. हातोडीने वरून खालपर्यंत ठोकत या. घट्ट लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोकळ झालेल्या लाकडाचा बद्द येतो, एकदा ऐकला की फरक विसरत नाही. मग पाण्याच्या पातळीजवळ वीतभर वर आणि वीतभर खाली, चारही बाजूंनी टोचून बघा. बीमच्या, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या वाशाच्या, मागची सावलीतली बाजू सोडू नका, मला सगळ्यात वाईट लाकूड तिथेच सापडलं.

किती कुजला की बदलायचा? एक साधा हिशोब देतो. १५ बाय १५ सेंमीचा खांब आहे आणि चारही बाजूंनी अडीच अडीच सेंमी लाकूड मऊ झालंय, तर आत १० बाय १० उरलं. बघायला वाटतं अजून बरंच शिल्लक आहे. पण वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात बदलतो, म्हणजे तो मूळच्या फक्त पाचव्या हिश्श्यावर आला. उभं वजन तो अजून पेलेल, पण बोट धडकली किंवा वारा सुटला की आडवा जोर त्याला सोसवणार नाही. म्हणून मी एवढ्या कुजलेल्या खांबाला वरून पट्ट्या मारत बसत नाही, सरळ बदलतो.

पाण्यात उतरायच्या आधी

तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी लागते का ते पहिलं विचारा. तळाला हात लावायचं काम बऱ्याच ठिकाणी परवानगीशिवाय चालत नाही, आणि माशांच्या विणीच्या काळात तर गाळ ढवळायला बंदी असू शकते. बंदी नसली तरी तो काळ टाळाच, उडालेला गाळ अंड्यांवर बसतो आणि ती मरतात.

आता वीज. यावर जरा थांबतो कारण हे फार लोकांना माहीतच नसतं. डॉकवर दिवा असेल, प्लग पॉइंट असेल, बोट वर घेणारी मोटर असेल, तर काम सुरू करायच्या आधी किनाऱ्यावरूनच मेन स्विच बंद करा आणि स्विचवर चिठ्ठी लावा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी येऊन चालू करणार नाही. तलावाचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा विजेला खूप कमी वाहतं, आणि माणसाचं शरीर त्या गोड्या पाण्यापेक्षा जास्त वाहतं, त्यामुळे पाण्यात करंट उतरलेला असला तर तो माणसातून वाट काढतो. थोड्याशा करंटनेही हातपाय आखडतात आणि चांगला पोहणारा माणूस आवाज न करता बुडतो. बाहेरून काही दिसत नाही, पाणी शांतच असतं. म्हणून मी या कामात वायरचं एकही टूल वापरत नाही, ड्रिल बॅटरीवरचं, करवत बॅटरीवरची नाहीतर हाताची. कोणी पाण्यात अचानक आखडला तर त्याच्या मागे उडी मारू नका, आधी वीज बंद करा आणि रबरी ट्यूब किंवा दोर फेका.

बाकीचं थोडक्यात. एकट्याने हे काम करायचं नाही, एक माणूस कायम डॉकवर उभा पाहिजे. लाइफ जॅकेट पाणी कमरेइतकं असलं तरी घाला, कारण गाळात पाय रुतला की तोल जातो आणि पाय निघत नाही. आणि जुना खांब निघत असताना बोटं खांब आणि बीमच्या मधे कधीही घालू नका.

तळ कसा आहे ते हाताने ओळखा

१२ मिमीची एक लांब लोखंडी सळई घ्या आणि प्रत्येक खांबाच्या बाजूला तळात खुपसून बघा. सुरुवातीला ती स्वतःच्या वजनाने खाली जाते, तो मऊ गाळ. मग अडते आणि जोर लावावा लागतो, तिथे खूण करा, मग अजून खाली किती जाते ते बघा. वाळू असली तर सळई फिरवताना करकर हाताला जाणवते. चिकणमाती असली तर सळई ओढून काढताना चिकटून येते आणि टोकाला मातीचा लपका लागलेला असतो. दगड असला तर टण् असा आवाज येतो आणि मनगटापर्यंत झटका बसतो. प्रत्येक खांबाचे दोन आकडे वहीत लिहा, पाण्यापासून गाळापर्यंत किती आणि गाळापासून घट्ट थरापर्यंत किती. माझ्याकडे दहा फुटांवरच्या दोन खांबांमधे गाळाचा फरक दोन फुटांचा निघाला, म्हणजे एका खांबावरून सगळ्यांची लांबी काढली असती तर अर्धे खांब आखूड पडले असते.

खोली किती? साध्या माणसांच्या डॉकसाठी मी हा नियम पाळतो की घट्ट थराच्या वर जेवढा खांब मोकळा आहे त्याच्या निदान निम्मा घट्ट थरात गेला पाहिजे, आणि काही झालं तरी चार फुटांपेक्षा कमी नाही. मऊ गाळ खोलीत धरायचा नाही, तो खांबाला आधार देत नाही. समजा पाणी १.५ मीटर, डॉक पाण्यावर ०.६ मीटर आणि गाळ ०.४ मीटर. म्हणजे मोकळी उंची २.५ मीटर, घट्ट थरात १.२५, झाले ३.७५. त्यात वर कापायला ३० सेंमी जास्तीचे, म्हणजे चार मीटरच्या वरचा खांब लागणार. आखूड खांबाला काही उपाय नाही, लांब खांब कापता येतो.

तळाशी खडक लागत असेल तर पुढे सांगितलेली पद्धत, म्हणजे पंपाच्या पाण्याच्या झोताने वाळू सैल करून खांब आत घालायची, चालणार नाही. तिथे खाली पसरट लोखंडी बूट असलेले पाईपचे खांब ठेवावे लागतात, उंची वर सॉकेटमधे कमीजास्त करता येते असे. घट्ट चिकणमातीत खाली पातं असलेले स्क्रूसारखे लोखंडी खांब (पाईल) चांगले, लांब दांडा घालून दोघं जण फिरवून ते आत घालू शकतात. पुढचं मी वाळू किंवा गाळमिश्रित वाळू धरून लिहितोय.

लाकूड आणि लोखंड

खांब प्रेशर ट्रीटेड, म्हणजे न कुजण्याचं रसायन दाबाने आत मुरवलेले, घ्या आणि घेताना स्पष्ट विचारा की हा सतत जमिनीत आणि गोड्या पाण्यात ठेवायच्या दर्जाचा आहे का, कारण नुसतं कुंपणाच्या दर्जाचं ट्रीटेड लाकूड वेगळं असतं आणि ते इथे लवकर जातं. रेल्वेचे जुने काळे स्लीपर घेऊ नका, त्यातलं क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायला मुरवलेलं डांबरी तेल, पाण्यात उतरतं. जुन्या खांबांबद्दल पण एक गोष्ट लक्षात ठेवा, आधीच्या काळातल्या बऱ्याच ट्रीटेड लाकडात आर्सेनिक असायचं, अमेरिकेत तर घरगुती वापरासाठी ते २००३ च्या शेवटापर्यंत बनत होतं. त्यामुळे काढलेले जुने तुकडे शेकोटीत जाळायचे नाहीत, राखेत आर्सेनिक राहतं. ताडपत्रीवर कापा, भुसा गोळा करा, तोंडाला मास्क लावा.

ट्रीटमेंट बाहेरच्या थरात जास्त आणि गाभ्यात कमी मुरलेली असते. म्हणून कारखान्यातून आलेलं टोक खाली जाऊ द्या आणि कापायचं टोक वर ठेवा. जिथे जिथे कापाल किंवा भोक पाडाल तिथे कॉपर नॅफ्थेनेट लावा, ते लाकूड कुजू नये म्हणून ब्रशने लावायचं औषध, हिरवट रंगाचं असतं, पण ते किनाऱ्यावरच लावून सुकवा, पाण्यावर उभं राहून ब्रश मारायचा नाही. वरचं टोक आणि काही भोकं जागेवरच होतात, तिथे खाली कापड धरून अगदी थोडं लावायचं.

नट-बोल्ट हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून जाड थर दिलेले) किंवा स्टेनलेसचे. आजकालच्या ट्रीटेड लाकडात तांब्याचं प्रमाण जास्त असतं आणि ते साध्या लोखंडाला फार लवकर खातं, नुसती चकचकीत पातळ प्लेटिंग असलेले बोल्ट तर दोन-तीन वर्षांत लाल होतात. एका जोडात स्टेनलेस बोल्ट आणि गॅल्व्हनाइज्ड वॉशर असं मिसळू नका, ओल्या जागेत जस्त झपाट्याने जातं.

आधी टेकू, मग बाकी सगळं

माझी सुरुवातीची चूक इथली. पहिल्याच दिवशी घाईत समोरासमोरचे दोन खांब एकत्र सोडवले, वाटलं शेजारचे चार धरतील. अर्ध्या तासात तो पट्टा दीड इंच खाली बसला आणि बीमचा जोड फाटला. तो बीम बदलायला मला वेगळे दोन दिवस लागले. तेव्हापासून एका वेळी एकच खांब, आणि नवा खांब बोल्टने बांधला जाईपर्यंत शेजारच्याला हात नाही.

वजन किती पेलायचं ते काढून बघा म्हणजे भीती जाते. डॉक दोन मीटर रुंद, खांब दोन्ही कडांना, दर अडीच मीटरवर, तर एका खांबाच्या वाट्याला अडीच चौरस मीटर येतात. लाकडाचं स्वतःचं वजन साधारण ५० किलो चौरस मीटरला धरा, म्हणजे सव्वाशे किलो. गर्दी झाली तर धरायचा भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास असतो, पण काम चालू असताना त्या भागावर आपण सोडून कोणी नसणार. म्हणजे २ टनाचा बाटली जॅक आरामात पुरतो.

पाणी कमरेइतकं असेल तर तळावर दोन फूट बाय दोन फूट जाड प्लायवूडचे दोन थर ठेवा, वर दगड ठेवा नाहीतर ते तरंगून जाईल, त्यावर तात्पुरता खांब उभा करा आणि खांब आणि बीमच्या मधे जॅक लावा. तात्पुरता खांब जरा आखूड कापायचा, म्हणजे जॅक पाण्याच्या वर राहतो. तो आडवा सरकू नये म्हणून शेजारच्या चांगल्या खांबाला एक फळी आडवी ठोका. पाणी जास्त असेल तर मी उलटं करतो. डॉकच्या वर १० बाय २० सेंमीचा लांब वासा उभ्या कडेवर ठेवतो, त्याची दोन्ही टोकं शेजारच्या चांगल्या खांबांच्या डोक्यावर येतील असा, आणि मधल्या बीमला साखळीने त्या वाशाला टांगतो. याला पाण्यात उतरावंच लागत नाही. पण शेजारचे दोन्ही खांब टोचून बघितलेले आणि पक्के असतील तरच हे करा.

जॅक फक्त बीम मूळच्या पातळीला येईपर्यंत चढवायचा, सहसा सेंटिमीटरभर पुरतं. कर्र आवाज आला की थांबा, जोड सुटायला लागलाय.

जुना खांब उपटायचा हट्ट सोडा

पहिले तीन खांब मी उपटले. साखळी, लांब जॅक, खाली फळ्या, तरी एकेका खांबाला अर्धा दिवस. गाळ खांबाला खालून चोखून धरतो, आणि तुम्ही वर ओढता तेवढाच जोर खाली डॉकवर येतो, म्हणजे ज्या डॉकला आपण वाचवतोय त्यालाच दाबत असतो. त्यातून एक खांब पाण्याच्या पातळीवर तुटला. आणि खांब निघाला तरी मागे ढिली झालेली माती आणि भोक उरतं, त्याच भोकात नवा खांब घातला की तो सैल बसतो. माझे ते तीन खांब मला पुढच्या वर्षी परत ठोकावे लागले.

म्हणून आता मी नवा खांब जुन्याच्या शेजारी, फूटभर अंतरावर, न हललेल्या जमिनीत घालतो, बीमला लागून. जुना त्या वेळी उभाच असतो, तोही थोडा भार धरतो. नवा बांधून झाला, दोन दिवस गेले, की मग जुन्याचे बोल्ट सोडायचे आणि तो निघतो का बघायचं. आधी मोठ्या पाईप पान्याने किंवा साखळी गुंडाळून दांडक्याने खांब जागेवर गोल फिरवा, चौथाई वळण घेतलं की गाळाची पकड सुटते. मग बुंध्याशी पाण्याचा झोत सोडून वर घ्या, पण नव्या खांबाच्या बाजूने झोत मारायचा नाही, पलीकडच्या बाजूने मारा. तरीही नाही निघाला तर तळाच्या पातळीला कापून टाका. पाण्याखाली अर्धवट उंचीचा बुंधा मात्र कधीही ठेवू नका, बोटीचा तळ किंवा पोहणाऱ्याचा पाय त्यावर जाणार.

नवा खांब झोताने आत घालणं

या भागाला माणसं घाबरतात आणि खरं तर सगळ्यात सोपा आणि छान भाग हाच आहे.

डॉकच्या दोन फळ्या सोडवा, म्हणजे खांब वरून सरळ खाली सोडता येतो आणि फट त्याला धरून ठेवते. लाकडी खांब जागेवर न्यायला उचलायची गरज नाही, किनाऱ्यावरून पाण्यात सोडा आणि तरंगत न्या. पण तोच तरंगण्याचा गुण उभा करताना त्रास देतो. १५ बाय १५ चा खांब दोन मीटर पाण्यात उभा केला की पाणी त्याला ४५ किलोच्या जोराने वर ढकलतं. त्यामुळे सुरुवातीला खांब वर पडू नये म्हणून एकाने त्यावर वजन टाकून धरायचं.

पंप २ इंची पेट्रोलचा पुरतो. पेट्रोल किनाऱ्यावर, पाण्यापासून लांब भरा. सक्शनचं तोंड जाळीसकट बादलीत ठेवून बादली पाण्यात बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी टांगा, म्हणजे गाळ ओढला जात नाही. पुढे होजला एक इंची लोखंडी पाईप जोडायचा, तुमच्या पाण्याची खोली अधिक जमिनीतली खोली याहून दोन-तीन फूट लांब. पाईपचं टोक थोडं चेपलं तर झोत जोराचा होतो.

आता दोघांचं काम. एक जण खांब धरतो आणि लेव्हल पट्टी बघतो, दुसरा पाईप खांबाला चिकटवून अगदी खालच्या टोकाशी नेतो. पंप चालू केला की खालची वाळू उकळल्यासारखी होते, पाणी खांबाच्या कडेने गढूळ वर येतं आणि खांब स्वतःच खाली बसायला लागतो. पाईप एका जागी ठेवू नका, चारही बाजूंनी फिरवत राहा, नाहीतर खांब झोताच्या बाजूला कलतो. खांबाला आधीच रंगाने फुटाफुटाच्या खुणा करून ठेवलेल्या असतील तर किती गेला ते लगेच कळतं. चांगल्या वाळूत चार फूट जायला काही मिनिटं लागतात, वेळ सगळा सरळ ठेवण्यात जातो. मधे एखादा दगड लागला तर खांब टकटक करत अडतो, तेव्हा जोर करू नका, थोडा वर घ्या, पाईपने बाजूला खड्डा करा, दगड त्यात लोटला जातो, नाहीतर चार इंच सरकून परत सुरू करा.

ठरलेल्या खोलीच्या फूटभर आधी झोत थांबवायचा, आणि थांबवताना एक चूक टाळा. पंप आधी बंद करून मग पाईप काढायला जाऊ नका, पाणी थांबताच वाळू बसते आणि पाईपला आवळते, मग तो पाईप पण एक खांबच होऊन बसतो. पाणी चालू असतानाच पाईप सावकाश वर घ्या, मग पंप बंद करा. राहिलेला एक फूट खांबाच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून घणाने ठोका. या शेवटच्या फुटामुळे खांब न ढवळलेल्या मातीवर टेकतो. ठोकून ठोकून खांब इंचभरही हलत नाही असं झालं की ती जागा पक्की.

सरळपणा दोन शेजारच्या बाजूंवर लेव्हल लावून बघायचा, एका बाजूवर बघून फसायला होतं. वाळू बसायला लागल्यावर खांब सरळ करायला फार थोडा वेळ मिळतो, म्हणून लेव्हल हातातच ठेवा, शोधायला जाऊ नका. मग खांबाला दोन तिरक्या फळ्यांनी डॉकला बांधून रात्रभर तसाच सोडा. वाळू रात्रीत स्वतःहून घट्ट बसते, सकाळी तोच खांब ढकलून बघा, विश्वास बसणार नाही इतका पक्का झालेला असतो.

खांबाभोवती काँक्रीट ओतायचा विचार काही जण करतात. नका करू. ताजं सिमेंट पाण्यात मिसळलं की पाणी प्रचंड अल्कली होतं आणि आसपासचे मासे मरतात, शिवाय काँक्रीटच्या वरच्या काठावर पाणी साचून लाकूड तिथेच आधी कुजतं.

उंची, बोल्ट, तिरक्या पट्ट्या

कापायची उंची ठरवायला सगळ्यात चांगली लेव्हल तलावच देतो. वारा नसलेल्या सकाळी पाणी आरशासारखं असतं, तेव्हा एका चांगल्या खांबावर पाण्यापासून बीमपर्यंतचं माप घ्या आणि तेच माप नव्या खांबावर पाण्यापासून वर टाका. दोन्ही मापं एकाच बैठकीत घ्या, कारण तलावाची पातळी दुपारपर्यंत बदलू शकते. मी लांब दोरी ताणून पण बघितली, पण ती मधे झोळ खाते, पाणी खात नाही.

बोल्ट आरपार जाणारे, १६ मिमीचे, एका जोडाला निदान दोन. नुसते मोठे स्क्रू नकोत, लाकूड ओलं-सुकं होत राहतं आणि ते सैल होऊन निघतात. दोन भोकं एकाखाली एक सरळ रेषेत पाडली तर लाकूड त्याच रेषेत चिरतं, म्हणून खालचं भोक वरच्यापेक्षा थोडं बाजूला सरकवून पाडा. दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, नाहीतर नट लाकडात रुततो. बीम बसवायला खांबाला खाच करणार असाल तर जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ नका. खाचेत बीम टेकला की भार बोल्टवर न येता लाकडावर येतो, मला हीच पद्धत आवडते, पण खाचेला कॉपर नॅफ्थेनेट दोन हात तरी लावायचंच.

तळापासून बीमपर्यंत मोकळी उंची पाच-सहा फुटांच्या वर गेली की समोरासमोरच्या खांबांमधे फुलीसारख्या तिरक्या पट्ट्या लागतात. डॉक डोलतो तो बहुतेक वेळा खांब कमजोर म्हणून नाही तर या पट्ट्या नाहीत म्हणून. फुलीच्या मधे जिथे दोन पट्ट्या ओलांडतात तिथेही एक बोल्ट टाका. ज्या तलावावर थंडीत बर्फ धरतो तिथे या पट्ट्या पाण्याच्या पातळीत येऊ देऊ नका, बर्फ त्यांना पकडतो आणि पातळी वाढली की खांबासकट वर उचलतो.

खांबाचं डोकं सपाट ठेवू नका, थोडं तिरकं कापा आणि वर टोपी बसवा, पत्र्याची किंवा प्लास्टिकची. खांबाचं आयुष्य या टोपीने खरंच वाढतं आणि लोक नेमकी तीच विसरतात.

आता जॅक सावकाश उतरवा, अर्धा सेंटिमीटर, थांबा, बीम खांबावर बसला का बघा, मग पुढे. टेकू लगेच काढायचा नाही. दोघं-तिघं जण त्या जागेवर उभे राहून बघा, खांबावरची पाण्याची खूण खाली सरकली का ते तपासा, नसेल सरकली तर टेकू काढून पुढच्या खांबाकडे न्या.

नवं ट्रीटेड लाकूड ओलं येतं आणि सुकताना आकसतं, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी सगळे नट परत आवळायचे, जवळजवळ प्रत्येक नट अर्धा फेरा तरी फिरतो. पहिलं मोठं वादळ होऊन गेलं की लेव्हल घेऊन परत एक फेरी मारा. आणि प्रत्येक खांबावर पाण्याच्या नेहमीच्या पातळीला रंगाची एक रेघ ओढून बाजूला वर्ष लिहून ठेवा, पुढच्या वेळी पाणी उतरलं की टोच्या त्या रेघेपासून लावायला सुरुवात करायची.